वर्ग दोनची मोटार : फोर्ड विरुद्ध जॉन सीना

जमिनीचा व्यवहार घेऊन कोणी आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो : "वर्ग एक की दोन?" सातबाऱ्यावर 'भोगवटादार वर्ग २' दिसलं, की चहा सांगण्याआधी जुने फेरफार मागवायचे. ही जमीन कधीतरी सरकारने कुणाला तरी, काही हेतूने, स्वस्तात दिलेली असते. देतानाच अट घातलेली असते : परस्पर विकायची नाही. विकायचीच असेल तर परवानगी घ्यायची आणि नजराणा भरायचा. घेणारा तेव्हा मान डोलावतो. पुढे शेजारून रस्ता जातो, भाव चौपट होतो आणि ती डोलावलेली मान कोणाच्याच लक्षात राहत नाही.

फोर्ड मोटर कंपनीने २०१७ साली जॉन सीना या कुस्तीवाल्यावर केलेल्या दाव्याबद्दल वाचताना मला सारखं हेच आठवत होतं. देश वेगळा, वस्तू वेगळी, रक्कम आपल्या आवाक्याबाहेरची. भांडण मात्र वर्ग दोनचंच. कंपनीने गाडी बाजारभावापेक्षा खूप कमी दरात, माणूस पारखून आणि अट घालून दिली. घेणाऱ्याने ती महिन्याभरात विकली. मग प्रश्न आला, की ती अट नेमकी कोणत्या कागदावर होती?

गाडी कोणती, हे आधी सांगतो, कारण त्याशिवाय बाकीचा खटाटोप कळणार नाही.

१९६० च्या दशकात फोर्डने फेरारी विकत घ्यायचा प्रयत्न केला. सौदा शेवटच्या क्षणी फिसकटला आणि दुसऱ्या हेन्री फोर्डने तो अपमान मनाला लावून घेतला. फ्रान्समधल्या ल मान्सच्या चोवीस तासांच्या शर्यतीत फेरारीला हरवायचंच, म्हणून जीटी-४० ही गाडी बनवली. १९६६ साली तिने पहिले तिन्ही क्रमांक पटकावले. तिच्या स्मृतीत २००५-०६ मध्ये फोर्ड जीटी नावाची मर्यादित गाडी आली. मग २०१५ च्या जानेवारीत डेट्रॉइटच्या प्रदर्शनात नवी जीटी दाखवली गेली. कार्बन फायबरचा सांगाडा, वरच्या बाजूला उघडणारी दोन दारं, साडेतीन लिटरचं व्ही-६ ट्विन टर्बो इंजिन, ६४७ अश्वशक्ती, ताशी ३४७ किलोमीटरचा वेग. आणि मुहूर्तही असा साधला, की जून २०१६ मध्ये, म्हणजे त्या विजयाला बरोबर पन्नास वर्षं होताना, ह्याच जीटीची शर्यतीची आवृत्ती ल मान्सला आपल्या गटात पहिली आली.

ही गाडी फोर्डच्या नेहमीच्या कारखान्यात होत नव्हती. कॅनडात टोरांटोजवळ मार्कम इथे मल्टिमॅटिक नावाची कंपनी ती बनवायची, वर्षाला फक्त २५०. किंमत साडेचार लाख डॉलरच्या आसपास. ज्या कंपनीची ओळख साध्या माणसाची मोटार आणि शेतकऱ्याचा पिकअप ट्रक, तिने लॅम्बोर्गिनीच्या भावात गाडी काढली. फायदा कमावायला नव्हे. बाकीच्या लाखो गाड्यांच्या नावाला झळाळी यावी म्हणून.

आता खरी गंमत. एप्रिल २०१६ मध्ये फोर्डने अर्ज मागवले. पैसे घेऊन या, असं नाही. अर्ज करा, आम्ही निवडू. ५०० गाड्यांसाठी ६,५०६ जणांनी पूर्ण अर्ज भरले. पूर्वी कोणत्या फोर्ड गाड्या होत्या, आता कोणत्या आहेत, ही गाडी रस्त्यावर चालवणार की गॅरेजमध्ये झाकून ठेवणार, समाजात तुमचं ऐकणारे किती लोक आहेत, अशी सगळी चौकशी. सोबत स्वतःचा व्हिडिओ जोडता येत होता. आपल्याकडे मुलगी दाखवायच्या कार्यक्रमात जेवढं विचारत नाहीत तेवढं. जुन्या जीटीचे मालक, फोर्डशी निष्ठा असलेले, गाडी मिरवणारे आणि मिरवल्यावर ज्यांच्याकडे लोक बघतात असे, यांना झुकतं माप होतं.

एका गाडीमागे तेरा गिऱ्हाईकं उभी आहेत, याचा अर्थ व्यापाऱ्याला सांगायला नको. किंमत कमी लावली आहे. लिलाव केला असता तर फोर्डला दुप्पट-तिप्पट मिळाले असते. तरी तिने किंमत खाली ठेवली, कारण तिला किमतीचा दुसरा हप्ता वेगळ्या नाण्यात हवा होता. पहिला हप्ता डॉलरमध्ये, दुसरा हप्ता दोन वर्षांच्या मिरवण्यात. गाडी चालवा, मेळाव्यांना न्या, मुलांना फोटो काढू द्या. तो दुसरा हप्ता बुडू नये म्हणून अट होती : ताबा मिळाल्यापासून २४ महिने गाडी विकायची नाही, आणि निवड झाल्याचा हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा नाही.

(त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कंपनीने आणखी दोन वर्षं उत्पादन करू असं जाहीर केलं आणि शेवटी आकडा १,३५० वर गेला. 'मोजक्याच' म्हणून दिलेल्या वस्तूचा मोज असा वाढत जातो. पहिल्या पाचशेत निवड झालेल्यांना काय वाटलं असेल, ते त्यांचं त्यांना माहीत.)

निवड झालेल्यांत जॉन सीना होता. त्याची ओळख करून देण्याची गरज नव्वदीनंतर जन्मलेल्या मराठी वाचकाला नाही. शाळेत दप्तराच्या मधल्या कप्प्यात कुस्तीवाल्यांची पत्त्यांसारखी कार्डं लपवलेली असायची, त्यातलं सीनाचं कार्ड द्यायला कोणी तयार नसे. तोंडासमोर पंजा हलवायची त्याची लकब चाळीच्या गच्चीवरच्या कुस्तीत प्रत्येक पोराने केलेली आहे. जुलै २०२४ मध्ये तो अंबानींच्या लग्नाला वांद्रे-कुर्ला संकुलात आला, तेव्हा बँडपुढे नाचणाऱ्या त्या धिप्पाड माणसाला ओळखायला कोणाला वेळ लागला नाही. २०१७ साली तर तो सोळा वेळा जगज्जेता ठरलेला, सिनेमात जम बसवत असलेला आणि गाड्यांचा हौशी संग्राहक म्हणून प्रसिद्ध होता. फोर्डला हवा होता तसाच गिऱ्हाईक.

सप्टेंबर २०१७ मध्ये फ्लोरिडातल्या टॅम्पाजवळच्या डीलरकडून त्याला निळी जीटी मिळाली. किंमत ४,६३,३७६ डॉलर ५० सेंट, तेव्हाच्या दराने साधारण तीन कोटी रुपये. तिचा व्हिडिओही त्याने केला. म्हणजे दुसऱ्या हप्त्याची सुरुवात झाली होती. आणि ऑक्टोबर संपायच्या आत गाडी विकलेली होती.

कंपनीच्या कानावर गेलं, तिने विचारणा केली. सीनाने आढेवेढे घेतले नाहीत. काही देणी भागवायला रोकड हवी होती, म्हणून इतर मालमत्तेबरोबर गाडीही विकली, असं त्याने सांगितलं. झाल्याबद्दल माफी मागितली, आणि हे निस्तरायला मी तयार आहे, असं कळवलं. फोर्डने ही उत्तरं पुढे दाव्यात जशीच्या तशी घातली. माणूस म्हणून सीना मला इथे आवडतो. वकील म्हणून मात्र कपाळावर हात मारावासा वाटतो. अशिलाने वकिलाला न विचारता पाठवलेल्या मेसेजइतका भक्कम पुरावा समोरच्या पक्षाला दुसरा मिळत नाही. 'अट मला ठाऊक नव्हती' हे दार त्याने स्वतःच्या हाताने बंद केलं.

३० नोव्हेंबर २०१७ रोजी फोर्डने मिशिगनच्या पूर्व जिल्ह्याच्या फेडरल न्यायालयात दावा लावला. आरोप मुख्यतः तीन. कराराचा भंग. खोटं सांगून करार करवून घेणं, म्हणजे विकायचं मनात असताना 'विकणार नाही' असं म्हणणं. आणि तिसरा, आपल्या महसूल खात्याच्या अगदी जवळचा : हक्क नसताना झालेला लाभ. वर्ग दोनच्या जमिनीला नजराणा मागताना सरकारचं जे म्हणणं असतं, की ही वाढलेली किंमत तू कमावलेली नाहीस, आम्ही स्वस्तात दिली म्हणून ती तुझ्या पदरात पडली, तेव्हा या अनर्जित उत्पन्नात आमचा वाटा, तेच फोर्डचं म्हणणं होतं. फरक इतकाच, की सरकार आपल्या वाट्याचे टक्के नियमात लिहून ठेवतं. फोर्डने नुकसानीसाठी न्यायालयाकडे हात पसरले होते.

आणि नुकसान दाखवायचं कसं, इथे गाडी अडते. सीनाने किंमत पुरेपूर मोजली होती. फोर्डला एक सेंटही कमी मिळाला नव्हता. गाडी चोरीला गेली नाही, मोडली नाही, उलट जास्त भावात दुसऱ्याकडे गेली. कंपनीचं म्हणणं, की सीनासारख्या माणसाने दोन वर्षं गाडी मिरवल्याने जे नाव झालं असतं ते बुडालं, आणि नाकारलेल्या हजारो अर्जदारांपुढे आमची शोभा झाली. म्हणणं खरं आहे. मला ते पटतंही. पण न्यायाधीशाने त्याचा हिशेब कोणत्या रकान्यात मांडायचा? दोन वेगवेगळ्या राज्यांतले पक्ष फेडरल न्यायालयात भांडत असतील तर वादाची रक्कम ७५,००० डॉलरच्या वर असावी लागते. तेवढा आकडा ओलांडतो, असं दाव्यात म्हणणं सोपं असतं. एकेक डॉलर सिद्ध करणं वेगळं.

सीनाच्या वकिलांनी मात्र नुकसानीच्या वादात शिरण्याआधी कागदावर बोट ठेवलं, आणि माझ्या मते ह्या प्रकरणातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तोच.

अमेरिकेत मोटार कंपनी सहसा गिऱ्हाइकाला थेट गाडी विकत नाही. राज्याराज्यांचे कायदे डीलरच्या बाजूने इतके पक्के आहेत, की फोर्डसारख्या जुन्या कंपन्यांना गाडी आधी डीलरला विकावी लागते आणि डीलर ती गिऱ्हाइकाला विकतो. म्हणजे इथे दोन कागद तयार झाले. एक, फोर्ड आणि सीना यांच्यातला : तुमची निवड झाली, तुमची ऑर्डर अशी, आणि २४ महिने विकणार नाही हे मान्य. दुसरा, डीलर आणि सीना यांच्यातला : ही गाडी, ही किंमत, हा ताबा. पैसे दुसऱ्या कागदावर फिरले. आणि सीनाचा बचाव असा, की प्रत्यक्ष खरेदीच्या त्या दुसऱ्या कागदात विक्रीबंदीची अट नव्हतीच. ती त्यात घालून घेण्याची जबाबदारी विकणाऱ्या बाजूची होती. दावा फेटाळा.

ज्याने कधी फ्लॅट घेतलाय त्याला हे लगेच कळेल. साठेखतात बिल्डर दहा गोष्टी कबूल करतो, पार्किंग अमुक, गच्ची तमुक. खरेदीखत होतं तेव्हा त्यातल्या सात उतरतात. उरलेल्या तिनांचं काय? बिल्डर म्हणतो, खरेदीखत हाच शेवटचा कागद. आपण म्हणतो, साठेखतावर तुझी सही आहे. दोघंही थोडे थोडे बरोबर असतात, म्हणून तर आमची चूल पेटते. एरवी इथे बलाढ्य पक्ष 'शेवटचा कागद' दाखवतो आणि गिऱ्हाईक जुना कागद शोधत बसतं. फोर्डच्या खटल्यात बाजू उलटल्या होत्या. जुना कागद शोधत कंपनी फिरत होती.

एकट्या सीनापुरतं बोलायचं तर फोर्डची बाजू मला वजनदार वाटते. अट त्याने कंपनीपाशी मान्य केली होती, आणि विकल्यावर लेखी माफी मागून तिचं अस्तित्वही मान्य केलं होतं. डीलरच्या कागदात ती नसली म्हणून फोर्डशी केलेला शब्द विरघळत नाही. जास्तीत जास्त वाद नुकसानीच्या आकड्यावर राहिला असता.

निकाल मात्र लागला नाही. जून २०१८ मध्ये दोघांनी तडजोड केली. रक्कम जाहीर झाली नाही. ती धर्मादाय कामाला देण्यात आली. सीनाने पुन्हा जाहीर माफी मागितली आणि ज्यांच्याकडे ही गाडी आहे त्यांनी तिचा आनंद घ्यावा, मान राखावा, असं सांगितलं. पैसे फोर्डच्या तिजोरीत न जाता दानात गेले, हे मला चतुर वाटतं. अब्जावधी डॉलरची कंपनी एका खेळाडूच्या खिशातून पैसे काढतेय असं चित्र कोणत्याच बाजूला परवडणारं नव्हतं. आणि माफी हा त्या बुडालेल्या दुसऱ्या हप्त्याचा, मिरवण्याच्या हप्त्याचा, एक तुकडा तरी होता. वर्तमानपत्रांतून ती जगभर फिरली. इतर हजारभर मालकांना यापेक्षा स्वस्तात नोटीस बजावता आली नसती.

तरीही फोर्डची खरी परीक्षा सीनाच्या खटल्यात झालीच नाही. ती त्या तडजोडीच्या महिनाभर आधी, इंडियानापोलिसला झाली.

मे २०१८ मध्ये मेकम या लिलाव कंपनीने तिथल्या लिलावात एक २०१७ ची जीटी मांडली. ती विकायला आणणारा माणूस मूळ मालक नव्हता. निवड झालेल्या मालकाकडून त्याने ती आधीच विकत घेतली होती. फोर्डने लिलाव थांबवायला तिथल्या न्यायालयाकडे तातडीचा मनाई हुकूम मागितला. न्यायाधीशांनी दिला नाही. हातोडा पडला आणि खरेदीदाराच्या कमिशनसकट आकडा सुमारे १८ लाख डॉलरवर गेला. मूळ किमतीच्या जवळजवळ चौपट.

असं का झालं? सातबाऱ्यावर वर्ग दोनचा शेरा असतो. इतर हक्कांत बँकेचा बोजा असतो. आंधळा माणूससुद्धा तलाठ्याला विचारून ते जाणून घेऊ शकतो, म्हणून तो शेरा पुढच्या प्रत्येक खरेदीदाराला बांधतो. मोटारीचंही तसंच. आपल्याकडे कर्जाची गाडी असेल तर आरसीवर हायपोथिकेशनची नोंद असते आणि बँकेचं ना-हरकत पत्र आल्याशिवाय आरटीओ नाव बदलत नाही. अमेरिकेत ते काम 'टायटल' नावाचा मालकीचा कागद करतो. कर्ज असेल तर त्यावर नोंद येते. फोर्डची अट त्यावर कुठेच नव्हती. ती होती कंपनीच्या फायलीत, मूळ मालकाच्या सहीखाली. ज्याने सही केली तो बांधला गेला. त्याच्याकडून घेणारा आणि त्याच्याही पुढचा, हे दोघं परके. फोर्डला मोटार वर्ग दोनची हवी होती, आणि तिने कागद वर्ग एकचा दिला.

ही उणीव कंपनीला कळली असावी, कारण तिने पुढे मालकांपेक्षा बाजारावर रोख धरला. फोर्डने मेकमवरही दावा लावला, आणि त्याचाही शेवट तडजोडीत झाला. मूळ मालकाची दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय, फोर्डची संमती नसेल तर, जीटी लिलावात घेणार नाही, असं मेकमने मान्य केलं. विचार केला तर शहाणपणाची चाल. कागदावर नोंद करता येत नसेल तर निदान सगळ्यात मोठ्या मंडईचा दरवाजा तरी अडवा. गावातला माल बाहेर जाऊ द्यायचा नसेल तर प्रत्येक घरापुढे पहारा बसवत नाहीत, जकात नाक्यावर एक माणूस उभा करतात.

फोर्डचं हे बघून बाकीच्यांनी काय केलं, ते थोडक्यात सांगतो, कारण प्रत्येकाने निवडलेलं हत्यार वेगळं आहे.

जनरल मोटर्सने २०२२ मध्ये कॉर्व्हेट झेड-०६ सारख्या गाड्यांसाठी कोर्टाच्या पायरीचा विचारच सोडून दिला. बारा महिन्यांच्या आत विकाल तर वॉरंटी नव्या मालकाकडे जाणार नाही, आणि विकणाऱ्याला पुढच्या काही मॉडेल्सची ऑर्डर देता येणार नाही, असं जाहीर केलं. उलट वर्षभर ठेवाल तर ५,००० डॉलर किमतीचे पॉइंट देऊ. हे हत्यार मला फोर्डपेक्षा धारदार वाटतं, कारण वॉरंटी गाडीला चिकटलेली असते. तिसरा मालक कितीही परका असो, गिअरबॉक्स बिघडल्यावर त्याला कंपनीच्याच दारात यावं लागतं. म्हणून तो आधीच भाव पाडून मागतो आणि विकणाऱ्याचा नफा आपोआप आटतो.

टेस्लाने नोव्हेंबर २०२३ मध्ये सायबरट्रक या विजेवरच्या पिकअपच्या करारात दंडाचा आकडाच लिहिला. पहिल्या वर्षात परवानगीशिवाय विकली तर ५०,००० डॉलर किंवा विकून आलेली रक्कम, यातली जी जास्त असेल ती. शिवाय पुढे गाडी मिळणार नाही. खरोखर अडचण असेल तर गाडी आधी कंपनीला दाखवायची. ती वापराचे पैसे वजा करून परत घेईल किंवा बाहेर विकायला परवानगी देईल. टेस्ला डीलर न ठेवता थेट विकते, त्यामुळे सीनाच्या वकिलांनी शोधलेली दोन कागदांमधली फट तिथे मुळातच नव्हती. फोर्डला जे न्यायालयात सिद्ध करत बसावं लागलं असतं, ते सगळं टेस्लाने आधी लिहून ठेवलं. कलम आधी आलं, ओरड झाल्यावर निघालं, पुन्हा आलं. पुढे मागणीच ओसरली, तसं ते कलमही गळून पडलं. जिच्यावर 'ऑन' मिळत नाही, ती गाडी विकू नका म्हणून कोणाला सांगायचं?

निर्यातबंदी हा ह्याच घरातला थोरला भाऊ. तिथे भावातला फरक माणसामाणसांत नसतो, देशादेशांत असतो. करांमुळे चीनमध्ये जर्मन गाड्यांची किंमत अमेरिकेच्या दुप्पट-तिप्पट असायची, तेव्हा अमेरिकेत एक धंदाच उभा राहिला. विद्यार्थी, बेरोजगार, शेजारीपाजारी अशांना काही पैसे देऊन त्यांच्या नावावर गाडी घ्यायची आणि कंटेनरमध्ये भरून पाठवायची. नाव एकाचं, पैसा दुसऱ्याचा. आपल्या भाषेत बेनामी. कंपन्या चिडल्या, कारण चीनमधला त्यांचा स्वतःचा नफा बुडत होता. त्यांनी डीलरांकडून दंड वसूल करायला सुरुवात केली आणि डीलर गिऱ्हाइकाकडून 'निर्यात करणार नाही' असं लिहून घेऊ लागले. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या वकिलांनी गाड्या आणि बँक खाती जप्त केली. पण गाडीचे पूर्ण पैसे भरले आहेत, मग गुन्हा नक्की कोणाचा, ह्या प्रश्नावर त्यांची दमछाक झाली, आणि २०१५ च्या सुमारास बऱ्याच प्रकरणांत सरकारने माघार घेतली. जपानमध्ये टोयोटाने २०२१ मध्ये नवी लँड क्रूझर आणली तेव्हा वर्षभर विकणार नाही, परदेशी पाठवणार नाही, अशी हमी गिऱ्हाइकांकडून लेखी घेतली गेली. तिथे दिलेलं कारण सुरक्षेचं होतं. ही गाडी जगातल्या अशांत भागांत कोणकोणाच्या हातात दिसते, ते बातम्या बघणाऱ्याला सांगायला नको. नफ्याचं कारण आणि सुरक्षेचं कारण एकाच हमीपत्रात मावतात. गिऱ्हाइकाच्या सहीला दोन्हींतला फरक कळत नाही.

हे आपल्याकडे झालं तर काय, असा प्रश्न दोघातिघांनी मला विचारला. पूर्वी झालेलंच आहे. बजाज चेतकचा नंबर लागायला वर्षानुवर्षं थांबावं लागायचं त्या काळात, नंबर लागल्या लागल्या वरच्या पैशात स्कूटर देऊन टाकणारे प्रत्येक गल्लीत होते. लग्न ठरलेल्या मुलीच्या बापाला ती हवी असायची आणि तो देईल ते मोजायचा. आजचं उदाहरण म्हाडाचं. लॉटरीत लागलेलं घर पाच वर्षं विकता येत नाही, आणि तरी पॉवर ऑफ ॲटर्नीवर, 'समजुतीच्या' करारावर ती घरं फिरतात. तक्रार झाली की घर घेणाराच अडचणीत येतो, कारण म्हाडाची अट सोसायटीच्या आणि मंडळाच्या दप्तरात बसलेली असते.

मोटार कंपनीने इथे असंच कलम घातलं, तर आरटीओचा कारकून ते बघणारही नाही. फॉर्म २९, फॉर्म ३०, विमा, पीयूसी, कर्ज असेल तर ना-हरकत. नाव बदलून मिळालं. दंडाचा आकडा लिहिलेला असला तरी भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ मुळे तो डोळे झाकून मिळत नाही. मिळते ती वाजवी भरपाई, लिहिलेल्या आकड्याच्या आत. आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये कैलाशनाथ असोसिएट्सच्या प्रकरणात स्पष्ट केलं आहे, की मुळात नुकसानच झालं नसेल तर ह्या कलमाखाली भरपाई नाही. पूर्ण किंमत घेऊन बसलेल्या कंपनीला इथेही तोच डोंगर चढावा लागेल, जो फोर्डपुढे मिशिगनमध्ये उभा होता : माझं नाव मोठं झालं असतं, ते झालं नाही, याची किंमत इतकी.

फोर्ड माझ्या टेबलासमोर आली असती तर मी तीन ओळी वाढवायला सांगितल्या असत्या. पहिली, ही अट डीलरच्या बिलावर, सहीच्या वरच्या रेघेत, तळटीपेत नव्हे. दुसरी, विकायची वेळ आलीच तर आधी आम्हाला विचारायचं आणि आम्ही बिलाच्या किमतीत परत घेऊ. सीनाला रोकडच हवी होती ना? बाजारात मिळाले तितके नसते मिळाले, पण देणी भागली असती, गाडी कंपनीकडे परत आली असती आणि सहा हजार नाकारलेल्यांपैकी एकाचं नशीब उघडलं असतं. तिसरी, पुढच्या खरेदीदाराकडूनही हेच लिहून घेतल्याशिवाय किल्ल्यांचा दुसरा जोड आणि मूळ कागदपत्रं द्यायची नाहीत.

जीटीचं उत्पादन २०२२ च्या अखेरीस थांबलं. शेवटच्या गाड्यांचेही चोवीस महिने आता उलटून गेले. लिलावात त्या अजूनही मूळ किमतीच्या वरच जातात, आणि विकणाऱ्याला डिअरबॉर्नहून, म्हणजे फोर्डच्या मुख्यालयातून, कोणाचा फोन येत नाही.